काउन्सिलच्या घरांना हरकत घेताना: लंडनमधला माझा अनुभव

आमच्या मागच्या जुन्या गॅरेजांच्या जागेवर काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, भाड्याच्या घरांची पाच मजली इमारत बांधणार, हे कळलं ते दिव्याच्या खांबाला बांधलेल्या नोटिशीवरून. खांबावरचे कागद कोण वाचतं! हरकतीची मुदत २१ दिवस.

लगेच शेजाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि पहिल्याच संध्याकाळी पूर आला. घरांच्या किमती पडतील, गॅलरीतून दिसणारं आकाश जाईल, आणि जरा आडून, ‘कसले लोक येतील कोण जाणे’. प्लॅनिंगमध्ये, म्हणजे बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना, यातलं काहीच धरलं जात नाही. शेवटचं तर मला ऐकवेना. आम्ही राहतो तो फ्लॅट मुळात काउन्सिलचाच. १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क मिळाला, लाखो घरं अशी विकली गेली, तेवढी नवी बांधली गेली नाहीत. आज इंग्लंडमध्ये सुमारे १३ लाख कुटुंबं अशा घरांच्या प्रतीक्षा यादीत ताटकळत आहेत. त्यामुळे घरं नकोत असं मी लिहिणार नव्हते. पाच मजले नकोत, एवढंच.

उजेड, पार्किंग, झाडं, समोरच्या खिडकीतून थेट घरात दिसणं, हे मुद्दे चालतात. उजेडासाठी ढोबळ कसोटी अशी: आपल्या खालच्या खिडकीच्या मध्यापासून २५ अंशांची रेषा काढायची, समोरची इमारत तिच्या वर गेली तर उजेडाचा नीट हिशेब द्यावा लागतो. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन मी तळमजल्यावरच्या आजींच्या ओट्यापाशी बसले. नकाशावरची इमारत रेषेच्या बरीच वर जात होती. हरकतीत आम्ही तेच आकृतीसकट दिलं. एकाच निवेदनावर ढीगभर सह्या घेण्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या शब्दांत लिहिलेलं बरं. आमच्याकडे सह्यांचं निवेदन एकच हरकत म्हणून मोजतात.

परवानगीचा निकाल देणाऱ्या काउन्सिलच्या कमिटीपुढे हरकतदारांना मिळून तीन मिनिटं. अर्जदार काउन्सिल आणि निकाल देणारीही काउन्सिलच! ती जागा सांभाळणाऱ्या खात्याला निकाल देता येत नाही असा नियम आहे, पण समोर बसल्यावर त्याचा फारसा धीर येत नाही. मी फक्त उजेडावर बोलले. एका सदस्याने आजींच्या खिडकीबद्दल अधिकाऱ्यांना विचारलं, त्यांना नीट उत्तर देता आलं नाही, आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

सुधारित नकाशात आमच्या बाजूचा वरचा मजला गेला होता. त्यावर मंजुरी मिळाली. हरकतदाराला इथे अपील नाही. सहा आठवड्यांत हायकोर्टात जाता येतं, तेही निर्णय कायद्याला धरून झाला का एवढ्यापुरतंच, आणि खर्च डोळे फिरवणारा. ग्रुपवर त्यासाठी वर्गणीची टूम निघाली. मी दिली नाही. चार मजले मला चालतात. पार्किंगवरून मात्र ग्रुपवर अजून जुंपलेलीच असते.