चिकूचा चीक

जुन्या विद्यार्थ्यांकडून आठवणी मागणारं शाळेच्या समितीचं पत्र आलं तेव्हा शाळेविषयी लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो तर सरच पुढे येऊन उभे राहिले. कुठले सर, हे आमच्या बॅचला सांगायला नको. मराठी शिकवायचे, आणि शनिवारी धर्मशिक्षण.

१९७६ साल, आठवी ब. मधल्या सुट्टीत आम्ही चौघांनी चर्चच्या वाडीतले चिकू पाडले. कच्चे, दगडासारखे. एक-दोन चावून थुंकले, बाकीचे नेम धरून बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, फेकले. आमच्यापैकी प्रत्येकाच्या दारात चिकूचं झाड होतं. पकडले गेलो ते हाताला, शर्टाला लागलेल्या चिकामुळे.

सरांनी छडी काढली नाही. "घरी चिकू नाहीत?" आहेत, सर. "कच्चे खाता येतात?" नाही, सर. "मग पाडले कशाला?"

एकजण पटकन म्हणाला, "सर, सैतानाने करायला लावलं."

सर हसले. "आणि सैतानाला कोणी लावलं? त्याच्या वेळी दुसरा सैतान नव्हता."

पुढचा भूगोलाचा तास बुडाला. सरांनी संत ऑगस्टिनची गोष्ट सांगितली. चौथ्या शतकात, उत्तर आफ्रिकेत, सोळाव्या वर्षी त्याने मित्रांबरोबर रात्री शेजारच्या झाडाची नासपती चोरली. घरी याहून चांगली होती. चोरलेली डुकरांना टाकली. पुढे बिशप झाल्यावर त्याने हे स्वतःच लिहून ठेवलं, आणि ते का केलं याच्यावर पानंच्या पानं खर्ची घातली. तरुणपणी नऊएक वर्षं तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात होता. प्रकाश आणि अंधार या दोन अनादि सत्ता झगडताहेत, असं ते मानत. नंतर त्याने ते सोडलं. देवाने केलेलं सगळं चांगलंच; वाईट ही वेगळी वस्तू नाही, चांगल्यातली उणीव आहे, असं तो सांगू लागला. मग सैतान, जो आधी देवदूत होता, तो पडला कशामुळे? त्याने स्वतःच्या मर्जीने देवाकडे पाठ फिरवली. त्या मर्जीचं कारण शोधणं म्हणजे अंधार डोळ्यांनी पाहू म्हणणं!

मग बायबलातल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय, आदाम-एवेचा. तिथे सफरचंद नाही, नुसतं फळ आहे. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट यांचे शब्द जवळपास सारखे, म्हणून ते मागाहून चिकटलं. तिथे सैतानाचं नावही नाही, नुसता साप. आदामाला विचारल्यावर तो म्हणतो, तू जी बाई मला सोबतीला दिलीस तिने दिलं. "म्हणजे बायकोवर ढकललं, आणि देवावरही," सर म्हणाले, "तुमच्यासारखंच." हाच आदामाच्या पतनाचा भाग त्यांनी फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूच्या मराठी क्रिस्तपुराणातून, १६१६ साली गोव्यात छापलेल्या त्या ओव्यांतून, आम्हाला चालीवर वाचून दाखवला होता. आता धर्मशिक्षणाला वर्कबुक आलंय म्हणे, रिकाम्या जागा भरायच्या.

मी नाशिकला डोळ्यांचा डॉक्टर आहे. स्वतःचं हॉस्पिटल आहे, मुलगीही त्याच लाइनमध्ये. मोतीबिंदूची ऑपरेशनं मोजणं केव्हाच सोडलं. सर एकदा तपासायला आले तेव्हा मी जुनी खोड काढली, "सर, वाईट म्हणजे नुसती उणीव कशी? मोतीबिंदू मी रोज हाताने काढतो." सरांनी विचारलं, "तो बाहेरून येतो?" नाही म्हटलं, डोळ्यातलंच भिंग असतं, त्याची पारदर्शकता जाते. सर खुर्चीत मागे रेलले आणि इतके खूश झाले की बाहेरचे पेशंट आत डोकावले. त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन मी केलं. डाव्याचं पावसाळ्यानंतर करायचं होतं, ते राहिलं.

परवा शाळेत जाऊन आलो. बावखल बुजवलंय, तिथे पेव्हर ब्लॉक आणि स्कूटर. चिकूचं एकच झाड उरलंय.

समितीने मागितलेला फोटो सोबत पाठवला आहे. मधे सर, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी. शर्टावरचा डाग आईला काही गेला नाही, पण फोटो काळा-पांढरा असल्याने दिसत नाही.