ऋषीची भाजी आणि कहाणीतला बैल

पाळी गेली की सात वर्षं ऋषी धरायचे, म्हणजे ऋषिपंचमीचं व्रत करायचं, आणि मग उद्यापन करायचं, ही आमच्या माहेरची रीत. आईने धरले, काकूने धरले. यंदा माझं तिसरं वर्ष.

भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे गणपतीचा दुसरा दिवस. आमचा गणपती दीड दिवसाचा, त्यामुळे त्या दिवशी घरात विसर्जनाची घाई, आणि आदल्या दिवशीचे उकडीचे मोदक डब्यात उरलेले. आई ते सगळ्यांना तूप घालून वाढायची आणि स्वतः एकही खायची नाही. मोदकाची उकड तांदळाच्या पिठाची, आणि तांदूळ नांगरलेल्या शेतातला. ऋषीच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही.

हा नियम आई फार काटेकोर पाळायची. तेल नाही, कारण भुईमूग नांगरटीचा. म्हणून फोडणी नाही. जिरं-मोहरी नाही, डाळ नाही, गूळही नाही, कारण ऊस आला की बैल आला. राहिलं काय, तर परसातलं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, सुरण, कच्चं केळं, मक्याचं कणीस. त्यात खोबरं, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ आणि मीठ. सोबत वरीचे तांदूळ, डोंगरउतारावर कुदळीने खणून केलेल्या वरीचे. वाटीभर भाजीतच सगळा पावसाळा असतो. इतकी चव मला दुसऱ्या कुठल्याच भाजीत लागत नाही, आणि ती फोडणी दिली की बिघडते. हल्ली जिऱ्याची फोडणी देऊन तिला ऋषीची भाजी म्हणतात, ते मला पटत नाही.

इथे डोंबिवलीत आदल्या दिवशी स्टेशनबाहेर गावाकडच्या बाया वाटे लावून बसतात. आघाड्याची जुडी त्यांच्याकडेच मिळते. पहाटे आघाड्याच्या काडीने दात घासायचे. पोथीत १०८ काड्या सांगितल्यात, आई सात घ्यायची, मीही सातच घेते. तीळ आणि आवळकाठी वाटून केसांना लावायची, न्हायचं. मग पाटावर सात सुपाऱ्या मांडायच्या: कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ. शेजारी आठवी अरुंधतीची.

मग कहाणी. आटपाट नगरातला ब्राह्मण मेल्यावर बैल होतो, त्याची बायको कुत्री होते, आणि दोघं मुलाच्याच दारात येऊन पडतात. बाईने विटाळात घरभर शिवाशिव केली, हा तिचा गुन्हा. श्राद्धाच्या दिवशी खिरीत सापाचं गरळ पडतं. ब्राह्मण मरतील म्हणून कुत्री भांड्याला तोंड लावते. सुनेला काय माहीत? ती जळतं कोलीत घेऊन कुत्रीच्या कमरेत घालते. रात्री कुत्री रडत बैलाजवळ जाते. बैल म्हणतो, तुझ्या विटाळापायी मी बैल झालो, आणि आज पोराने मला तोंड बांधून दिवसभर नांगराला धरलं.

लहानपणी ही कहाणी ऐकताना मला आमचा ढवळ्या दिसायचा. मळणीच्या वेळी काका त्याला मुसकी घालायचे. भाताच्या पेंढीवरून गोल फिरायचा आणि त्यातलंच एक पान खाता येत नसे.

आणि आई दिसायची. एका वर्षी ऐन गणपतीत तिला पाळी आली. चार दिवस पडवीत बसली होती. आत काकू मोदक करत होती. आई उंबऱ्याबाहेरून हळूच विचारत होती, "उकड नीट मळलीस ना गं?" पुढे पन्नाशीत तिने सात वर्षं सुपाऱ्यांपुढे हात जोडून रजोदोषाची क्षमा मागितली. चार पोरं जिने जन्माला घातली, तिने. याचा मला आजही राग येतो, आणि आई नसली तरी तो कमी होत नाही.

म्हणून मी संकल्प बदलला. क्षमा मागत नाही. पडवीत बसलेल्या आईसाठी, कोलीत खाल्लेल्या त्या आईसाठी आणि तोंड बांधलेल्या बैलासाठी मी हे व्रत करते, असं मोठ्याने म्हणते आणि पाणी सोडते. आघाडा, सुपाऱ्या, भाजी, सगळं आईचं तसंच आहे.

लेकीने गेल्या वर्षी विचारलं होतं, "मामाकडे आता पॉवर टिलर आहे, मग त्याचा भात चालेल का गं तुला?" चालेल, नियमाने चालेल. पण मी नाही खात. एक दिवस ढवळ्याचा असू दे.

यंदा पंचमीला ती सकाळीच आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, मला आजच आलीये. बाहेर बसू?"

मी तिला आत घेतलं, पाटाशेजारी बसवलं आणि विळी दिली. तिने अळू चिरलं, देठं सोलली, मक्याच्या कणसाचे तुकडे केले. मी कहाणी वाचत होते, ती ऐकत होती. कोलीताच्या जागी माझा आवाज थांबला, तेव्हा पुढचं तिने वाचलं. अळूने तिचे हात खाजायला लागले होते. मी कोळातली चिंच घेतली आणि तिच्या तळव्यांना चोळली.