राख चाळणारी गुप्तहेर

व्हिक्टोरियन इंग्लंडमधली रहस्यकादंबरी हातात आली आणि तिच्यात तपास लावणारी व्यक्ती म्हणजे घरातली मोलकरीण असेल, तर आधी फायरप्लेस साफ करण्याचं पान शोधावं. ‘तिनं सकाळी विस्तव पेटवला’ एवढ्यावर लेखकानं भागवलं असेल, तर पुढच्या खुनाकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

कारण विस्तव पेटवणं हे या कामाचं शेवटचं टोक. त्याआधी सहाच्या सुमारास, घरचे उठायच्या आत, खिडक्यांच्या लाकडी झडपा उघडायच्या, फायरप्लेससमोरचा गालिचा गुंडाळायचा, जुनं कापड अंथरायचं आणि आदल्या रात्रीची राख काढायची. ती चाळायचीही, कारण अर्धवट जळलेले कोळसे स्वयंपाकघरात पुन्हा वापरायचे असत. मग लोखंडी जाळीला ग्रॅफाइटची ओलसर काळी पूड लावून ब्रशनं चकाकी येईपर्यंत घासायचं. शेवटी सैलसर चुरगळलेला कागद, त्यावर हवेला वाट राहील अशा आडव्या-उभ्या काटक्या आणि वर मोजकेच कोळसे. काटक्या दाटून बसल्या की जाळ धरत नाही आणि खोलीभर धूर होतो.

रोज राख चाळणाऱ्या बाईपासून काय लपणार? पत्रांचा गठ्ठा घाईघाईत आगीत टाकला, तर कडा जळतात आणि मधली पानं वाचता येतील इतकी शाबूत राहतात. झगा जाळला तर हूक आणि धातूची बटणं चाळणीत उरतात. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास खोलीत रेंगाळतो. आणि ऐन जूनमध्ये, जिथं महिनाभर विस्तव पेटलेला नाही अशा निजायच्या खोलीत ताजी राख दिसली, तर बाकीचा तपास नंतर केला तरी चालेल.

अडचण एवढीच, की हे सगळं पुसून टाकण्याचाच तिला पगार मिळतो. गालिचा झाडताना धूळ उडू नये म्हणून त्यावर वापरलेल्या चहाची ओलसर पत्ती पसरायची आणि मग झाडायचं. फिकट गालिच्यावर डाग पडू नयेत म्हणून पत्ती आधी धुऊन घ्यायची. त्या पत्तीबरोबर चिखलाचा ठसाही गेला. बेसिनमधलं गुलाबी पाणी, रात्रीचं लघवीचं भांडं, मेणबत्तीचं उरलेलं बोटभर टोक, सगळं न्याहारीच्या आत नाहीसं. पोलीस येईपर्यंत घर लख्ख! म्हणजे पुरावा पहिल्यांदा पाहणारी तीच आणि नष्ट करणारीही तीच. चांगला लेखक नेमका इथं रेंगाळतो. तिच्याजवळ उरते ती आठवण, आणि मालकिणीच्या शब्दापुढे त्या आठवणीची किंमत किती?

प्रत्यक्षातल्या खटल्यांमध्येही हेच दिसतं. 1840 च्या मे महिन्यात लंडनमध्ये लॉर्ड विल्यम रसेल यांचा खून झाला. घरातलं सामान अस्ताव्यस्त पडलेलं सकाळी पहिल्यांदा दिसलं ते सारा मॅन्सर या मोलकरणीला. घरफोडीचा तो देखावा खासगी नोकर कुर्व्हॉइझियेनं उभा केला होता.

पण खरी मेजवानी 1860 च्या रोड हिल हाऊस प्रकरणात आहे. तीन वर्षांच्या सॅव्हिल केंटचा खून झाला, आणि लंडन पोलिसांच्या म्हणजे स्कॉटलंड यार्डच्या गुप्तहेर जॅक व्हिचरचा सगळा भर होता धुण्याच्या यादीवर. कॉन्स्टन्स या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा नाइटगाऊन यादीत होता, पण धोबिणीकडे गेलेल्या टोपलीत निघाला नाही. मोलकरीण सारा कॉक्स कपडे मोजून टोपलीत घालत असताना कॉन्स्टन्सनं तिला पाणी आणायला पाठवलं. तेवढ्यात तिनं गाऊन काढून घेतला, असा व्हिचरचा तर्क होता. लोकांना तो पटला नाही, उलट व्हिचरचीच छी-थू झाली. पुढं 1865 मध्ये कॉन्स्टन्सनं गुन्हा कबूल केला. धोब्याच्या वहीत टॉवेलांवरून झालेले वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना त्या यादीचं वजन समजावून सांगायला नको.

1889 मध्ये लिव्हरपूलच्या मेब्रिक कुटुंबात बेसिनमध्ये भिजत ठेवलेले माशा मारायचे कागद मोलकरणीच्या नजरेस पडले. त्या कागदांत आर्सेनिक असे. मुलांना सांभाळणाऱ्या ॲलिस यापनं तर मालकिणीचं पत्रच फोडलं आणि कारण सांगितलं, की पोरीच्या हातून ते चिखलात पडलं होतं. कादंबरीतल्या नायिकेला याहून चांगली थाप सुचणं अवघड. नवऱ्याला विष घालून मारल्याबद्दल मालकीण फ्लॉरेन्स मेब्रिकला फाशी सुनावली गेली, नंतर ती जन्मठेपेवर आली. मात्र नवऱ्याला स्वतःलाच आर्सेनिक घ्यायची सवय होती. कागद दिसले ते खरे, त्यांचा अर्थ काय यावर वाद आजही चालू आहे.

कादंबऱ्या घसरतात त्या दुसऱ्याच जागी. नायिका भर दुपारी शहरभर हिंडते, बँकेत जाते, साक्षीदारांना चहा पाजते. अहो, घंटा वाजल्यावर जाणार कोण? बहुतेक घरांत तिच्या वाट्याला आठवड्यातली एखादी संध्याकाळ आणि रविवारची दुपार यायची. शिवाय चालचलणुकीचा दाखला मालकिणीच्या हातात. तो देण्याचं कायद्यानं बंधन नव्हतं आणि दाखल्याशिवाय दुसरं घर मिळणं कठीण. खुन्याला तिचा गळा दाबायची गरजच काय, दाखला नाकारला की पुरे.

म्हणून घर निवडतानाच विचार हवा. वीस नोकरांच्या हवेलीत प्रत्येकाची हद्द ठरलेली. चांदीच्या भांड्यांच्या खोलीत मोलकरणीला शिरकाव नाही. एकाच मोलकरणीच्या घरात तिला सगळ्या खोल्या मोकळ्या, पण मान वर करायला फुरसत नाही. स्वयंपाकीण, मोलकरीण आणि मुलं सांभाळणारी, एवढी माणसं राहती असली की जमतं: खोल्याही मिळतात आणि कुजबुजायला सोबतही.

आणि खून शुक्रवारी रात्रीच व्हावा. शनिवारी राख हाती येते, रविवारी दुपारी बाहेर पडून विचारपूस करता येते, आणि सोमवारी धुण्याची टोपली घराबाहेर जाते. त्याआधी यादी ताडून पाहायला तिच्याकडे फक्त रविवारची रात्र उरते.