एक नंबरचा प्लग

इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडून ताकद वाढवणारी नायट्रस किट, तीही वापरलेली, घेऊन कुणी आलं की आमचे मालक सहसा नाहीच म्हणतात. डेट्रॉईटच्या उत्तरेला, मॅकोम काउंटीत त्यांचं गॅरेज आहे आणि इंजिनाची ताकद वाढवून देणं हाच तिथला मुख्य धंदा. या वेळी गाडीवाला माझ्या ओळखीचा निघाला. मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणारा पोरगा. 2010 ची कॅमारो एसएस, हाताने बदलायच्या गिअरची, आणि खोक्यात ऑनलाइन स्वस्तात मिळालेली प्लेट, दोन सोलेनॉइड (विजेवर उघडणारे वाल्व), होज, दहा पौंडी बाटली.

"काका, दीडशे हॉर्सपॉवरचे जेट टाका."

"आधी शंभरचे. मग बघू." जेट म्हणजे बारीक भोकाची तोटी, भोक जेवढं मोठं तेवढी ताकद जास्त.

मालकांनी खोक्यात डोकावून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि काम माझ्या गळ्यात टाकून निघून गेले.

मंडळात मला हमखास विचारतात, हा डेंटिस्टकडचाच गॅस ना? तोच. फक्त गाडीच्या गॅसमध्ये 100 पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) सल्फर डायऑक्साइड मिसळतात, म्हणजे हुंगायला कुणी धजत नाही. हा वायू स्वतः जळत नाही. वजनाने बघितलं तर हवेत ऑक्सिजन 23 टक्के, नायट्रस ऑक्साइडमध्ये 36. सिलिंडरमधल्या उष्णतेने, साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे, त्याचा रेणू फुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. ताकद येते ती पेट्रोलचीच, जास्तीच्या ऑक्सिजनमुळे ते जास्त जाळता येतं एवढंच. म्हणूनच पेट्रोल कमी पडलं तर पहिला बळी पिस्टनचा. या गाडीतलं एलएस3 इंजिन 6.2 लिटरचं, कंप्रेशन 10.7 ला 1, आणि पिस्टन कास्ट (ओतीव), फोर्ज्ड (घडीव, जास्त दणकट) नव्हेत. दीडशेला माझा हात आखडतो तो यामुळे.

प्लेट बसवणं तसं सोपं. थ्रॉटल बॉडीचे (हवा आत सोडणाऱ्या झडपेचे) चार बोल्ट काढायचे, ती आणि हवा सिलिंडरांना वाटणारा मॅनिफोल्ड यांच्यामध्ये प्लेट घालायची, लांब बोल्ट लावायचे. प्लेटमधून दोन नळ्या आडव्या जातात. हवेच्या दिशेने आधी नायट्रसची, मग पेट्रोलची, म्हणजे नायट्रसचा झोत पेट्रोलचे थेंब फोडत पुढे नेतो. उलटी बसवली तर तेही होत नाही. किती जायचं ते ठरतं जेटच्या भोकावर, आणि ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा दाब पाच-सहा पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), इथे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये 58. त्यामुळे कार्बोरेटरच्या तक्त्यातला पेट्रोल जेट इथे टाकला तर इंजिन पेट्रोलमध्ये बुडेल. पोराच्या खोक्यात तसाच एक निघाला. तो बाजूला ठेवला आणि आमच्या तक्त्याप्रमाणे नवे घेतले.

वायरिंगला वेळ गेला. या गाडीत थ्रॉटलला केबल नाही, त्यामुळे पेडलपाशी साधा स्विच लावून भागत नाही. थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज वाचणारा स्विच लावला. त्याच्या जोडीला आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) विंडो स्विच, 3000 च्या खाली आणि 6000 च्या वर नायट्रस बंद. खालच्या फेऱ्यांवर सिलिंडरमधला दाब बेसुमार चढतो. वर फेऱ्यांना आळा घालणारा लिमिटर लागला की पेटायचा राहिलेला माल प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डमध्ये साचतो, तो भडकला तर मॅनिफोल्डचे तुकडे होतात. सोलेनॉइडला रिले. दर 50 हॉर्सपॉवरला दोन अंश या हिशेबाने इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, चार अंश मागे घेतलं. ठिणगीचे प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे), गॅप 0.035 इंच.

बाटलीला हीटरचा पट्टा गुंडाळला, कारण एप्रिलमध्ये मिशिगनची सकाळ थंडच असते आणि बाटलीतला दाब पूर्णपणे तापमानावर. 20 अंश सेल्सिअसला तो 750 पीएसआयच्या आसपास असतो, 30 ला 900 च्या वर जातो. आम्हाला 950 लागतो. कमी असला तर नायट्रस कमी जातो, पेट्रोल मात्र तेवढंच, गाडी रिच, म्हणजे पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्त. जास्त तापवली तर उलटं, आणि ते वाईट. टॉर्चने बाटली तापवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यापासून लांब उभं राहावं.

डायनोवर (चाकांची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी नायट्रसशिवाय चालवली, चाकांवर 370 हॉर्सपॉवरच्या जवळपास. मग बाटली उघडली, नायट्रस सज्ज करणारा आर्मिंग स्विच वर केला आणि पेडल पूर्ण दाबलं. ताकदीचा वक्र 3000 फेऱ्यांना उडी मारून वर गेला, शेवटी 460 च्या पुढे. डाव्या एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरने हवा-पेट्रोलचं प्रमाण 11.7 दाखवलं, अगदी हवं तसं. पोरगा नाचायचाच बाकी होता. शेजारच्या बेमधून मालकांनीही अंगठा दाखवला.

मी इग्निशन चढत्या जोरावरच बंद केलं होतं. इंजिन आयडलवर येऊ दिलं की प्लगवरच्या खुणा पुसट होतात. सगळे प्लग नवे कोरे होते, म्हणून जे दिसेल ते याच धावेचं.

डाव्या बाजूला पुढून मागे सिलिंडर 1, 3, 5, 7. मागचा सातवा काळसर, पाचवा आणि तिसरा ठीक. पहिल्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळे ठिपके, मिरपूड उडाल्यासारखे. डिटोनेशन, म्हणजे मिश्रण आपोआप, धडाक्याने पेटणं. भिंगातून पुन्हा पुन्हा बघितलं, चमकदार ठिपका एकही नव्हता. तो असता तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. तेवढ्यापर्यंत गेलं नव्हतं.

"पण काका, स्क्रीनवर तर 11.7 आहे!"

स्क्रीनवरचा आकडा खोटा नव्हता. सेन्सर बसतो चार सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथे. सातव्याने जास्त खाल्लं, पहिला उपाशी राहिला, सरासरी छान आली. आणि हा मॅनिफोल्ड मुळात कोरडी हवा वाटायला बनवलेला. इंजेक्टर तर वाल्वच्या तोंडाशीच बसतात, त्यामुळे आतून पेट्रोल न्यायची सोय कुणी केलेलीच नाही. नायट्रसचा लगेच वायू होतो आणि तो हवेबरोबर वळतो. पेट्रोलचा जड थेंब वळत नाही, सरळ मागच्या भिंतीकडे जातो. त्यामुळे थोडा फरक मी धरलाच होता. ठिपके येण्याइतका नाही.

मालक म्हणाले, पेट्रोलचा जेट एक घर मोठा कर. मला ते पटेना. त्याने सातवा आणखी बुडाला असता आणि कारण तसंच राहिलं असतं. प्लेट काढून टेबलावर धरली आणि पेट्रोलच्या नळीतून पाणी सोडलं. ओळीने धारा आल्या, पण ड्रायव्हरच्या, म्हणजे डाव्या, बाजूची टोकाची दोन भोकं कोरडी. बारीक तारेने ओढल्यावर पांढरा, चुरगळलेला धागा बाहेर आला. टेफ्लॉन टेप. आधीच्या कुणीतरी प्लेटमधल्या निपलच्या (जोडनळीच्या) आट्यांवर टेप भरभरून गुंडाळली होती आणि तिची कड आत लोंबत राहिली होती. इथे टेप नाही, पेस्ट लावतात, तीही पहिले दोन आटे सोडून. जाळीचा फिल्टर असतो सोलेनॉइडच्या आधी, त्यामुळे त्याने काय अडवायचं? आणि जेटही या भोकांच्या आधीच. एकूण पेट्रोल मोजून बरोबर जात होतं, फक्त उरलेल्या भोकांतून चुकीच्या बाजूला. प्रेशर गेजलाही कळायला मार्ग नव्हता.

सगळे निपल काढले, आटे ब्रशने घासले, पेस्ट लावून परत बसवले, पुन्हा नवे प्लग. पुढच्या धावेत ताकद जवळपास तीच, प्रमाण तेच, आणि पहिला प्लग स्वच्छ. त्याचा रंग तरीही तिसऱ्यापेक्षा किंचित फिका, म्हणून मग पेट्रोलचा जेट एक घर मोठा केला. चार-पाच हॉर्सपॉवर गेले असतील. पोराने त्याबद्दल तक्रार केली, मालकांनी त्याला फोर्ज्ड पिस्टनचा भाव सांगितला, तक्रार थांबली.

"दीडशेचे जेट तरी द्या ना, जपून ठेवतो."

"जपून आम्हीच ठेवतो," मालक म्हणाले आणि खण बंद केला.

स्ट्रिपवर (शर्यतीच्या सरळ ट्रॅकवर) गेलास की परतल्यावर एक नंबरचा प्लग काढून फोटो पाठव, असं बजावलं होतं. इमानदारीत पाठवतो. एकदा बाटली भरून आणल्यावर त्याने डिकीत बसवलेल्या बाटलीचाही फोटो जोडला होता, कौतुकाने. वाल्व पुढे होता, कोनही बरोबर, पण लेबल खाली. आतली नळी वाकवलेली असते, लेबल वर ठेवलं तरच तिचं टोक मागे तळाशी, द्रवात बुडतं. असंच चालवलं असतं तर निम्मी बाटली संपताच द्रवाऐवजी वायू ओढला गेला असता. मी लगेच फोन लावला. पहिलाच प्रश्न आला, "काका, प्लग चांगला आहे ना?"