घाटकोपरचे २१ बाइट

मंगळवार, रात्री उशिरा

सकाळची कटकट किरकोळ होती. 'अनएक्स्पेक्टेड टोकन', पोझिशन शून्य, म्हणजे प्रोग्राम उत्तराच्या पहिल्याच अक्षराला अडखळला. समोरच्या सर्व्हरने जेसॉनऐवजी (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात ती मांडणी) एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानाचं, एरर पेज पाठवलं होतं, आणि वर स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक'! आता आधी कंटेंट टाइप (उत्तर कोणत्या प्रकारचं आहे ते) बघते, उत्तर टेक्स्ट म्हणून घेते, पार्स (जेसॉन उलगडून वाचणं) ट्रायच्या आत टाकते, म्हणजे चूक झाली तरी प्रोग्राम कोसळत नाही, आणि फसलं की पहिली २०० अक्षरं लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत. चहासकट अर्धा तास.

खरा दिवस खाल्ला तो आम्ही छापतो त्या मराठी पत्त्यांच्या लेबलांनी. पत्त्यातल्या 'घाटकोपर'मधला 'ट' गायब आणि त्या जागी पोटात प्रश्नचिन्ह असलेले दोन काळे हिरे. तेही शंभरातल्या एखाद्याच लेबलवर. पार्सर गप्प, लॉग कोरा. बरोबरचा पोरगा म्हणाला, "ताई, हिरे रिप्लेस करून टाकू या ना." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. (त्याच्या वयाची असताना मीही हेच केलं असतं. केलंच आहे.)

चार वाजता सापडलं. नोडमध्ये (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारी प्रणाली) समोरच्या सर्व्हरचं पत्त्यांचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी येतं आणि आमचा जुना कोड प्रत्येक तुकडा आला की स्ट्रिंगला जोडत होता. जोडताना त्या तुकड्याचं तिथल्या तिथे यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या छोट्या एककांत, लिहायची पद्धत) समजून अक्षरांत रूपांतर होतं. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, ते कापलं जाणार कसं? देवनागरीचं मात्र प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रासुद्धा. 'घाटकोपर' म्हणजे ७ चिन्हं, २१ बाइट. तुकडा नेमका 'ट'च्या दुसऱ्या बाइटनंतर संपला की दोन्ही भाग अनाथ, प्रत्येकाचा एक हिरा. आणि हिरा हे जेसॉनच्या दृष्टीने रीतसर अक्षर, म्हणून पार्सर कशाला ओरडेल?

दुरुस्ती एका ओळीची: सेटएन्कोडिंग, म्हणजे येणारे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे ते आधीच सांगून ठेवणं. अर्धं राहिलेलं अक्षर ते पुढच्या तुकड्यापर्यंत धरून ठेवतं.

आमच्या टेस्टमधले सगळे पत्ते इंग्रजीत होते. मुंबईत बसून, मराठी लेबलं छापणाऱ्या कामासाठी! पोरगा आता त्यात विक्रोळी, भांडुप, चिंचपोकळी भरतोय.

डेटाबेसमध्ये आधीच शिरलेल्या हिऱ्यांचं काय करायचं? मूळ बाइट तिथे उरलेलेच नाहीत, हिऱ्यावरून 'ट' होता की 'ठ' हे कळायला मार्ग नाही. उद्या समोरच्यांकडे सगळे पत्ते पुन्हा मागायचे आहेत. मेलचा मसुदा तीनदा खोडला.