पाठीतलं पाणी काढल्यानंतरची डोकेदुखी

आडवी असले की मी ठणठणीत. उठून बसले की दहा-पंधरा मिनिटांत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका सुरू व्हायचा, मान आखडायची, मग कपाळ भरून यायचं, मळमळायचं आणि कानांना दडे बसायचे. पुन्हा उशीला डोकं टेकलं की पाचेक मिनिटांत सगळं शांत. भेटायला येणाऱ्यांना मी आडवीच दिसायची, म्हणजे गप्पा मारणारी, हसणारी. "चांगली दिसतेयस की!" असं म्हणून चहा पिऊन मंडळी जायची. घरातल्या घरात आजारी नसल्याचा संशय अंगावर घेऊन झोपून राहणं काय असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

मूळ दुखणं डोळ्याचं होतं. उजव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं, नजर फिरवली की आतून दुखायचं आणि लाल ओढणी त्या डोळ्याला विटकरी दिसायची. डोळ्याच्या नसेला सूज आहे असं निदान झालं, एमआरआय झाला, आणि सूज कशामुळे हे शोधायला न्यूरॉलॉजिस्टनी लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून पाठीतलं पाणी तपासायला काढणं, करू या म्हटलं. सासूबाईंनी लगेच धसका घेतला. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो गं." सिझेरियनच्या वेळचं पाठीतलं इंजेक्शन जन्मभराची कंबरदुखी देतं, तसाच हाही समज. डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं: मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात. सासूबाई गप्प बसल्या, पण देवापुढे नारळ ठेवूनच निघाल्या.

पाणी काढणं तसं सोपं गेलं. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी, भुलीच्या इंजेक्शनची चुणचुण, मग नुसता दाब. डोकेदुखीचा उल्लेख संमतीपत्रात एका ओळीत होता. दुसऱ्या दिवशी ती आली. फोनवर सांगितलं गेलं की पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, पडून राहा. सल्ला चूक नव्हता. बहुतेकांची ही डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाते. माझी जाईना.

आडव्या आयुष्याचं एक वेगळं तंत्र असतं. वरणभात झोपून खाता येत नाही, नाकात जातो. पोळीला तूप-साखर लावून केलेली सुरळी मात्र कुशीवर पडून झकास खाता येते. पाणी स्ट्रॉने. आंघोळ म्हणजे मोरीत स्टूल, दोन तांबे अंगावर आणि ओल्या अंगानेच पुन्हा पलंगाकडे धाव. केस धुणं विसरायचं. घरगुती उपाय अर्थातच झाले. पित्त आहे म्हणून मोरावळा, मग सुंठीचा लेप (वास छान होता, एवढंच), मग दृष्ट काढली. पित्ताच्याच नावाखाली माझी कॉफी बंद केली होती, आणि गंमत म्हणजे कॉफीनेच थोडं बरं वाटायचं. कॅफीनने डोक्यातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून या दुखण्यात ते देतातही. पण आराम तासा-दोन तासांचा.

पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा रिक्षाच्या मागच्या सीटवर मी मुटकुळं करून पडले होते. ओपीडीत गर्दी. मी खुर्च्यांच्या रांगेवर आडवी झाले तर वॉर्डबॉय मामा आले, "मॅडम, इथं झोपायचं नाही." बसले. नंबर येईपर्यंत घाम फुटला होता. आत एकांनी मायग्रेन म्हटलं, दुसऱ्यांनी टेन्शन. टेन्शन होतंच, पण ते झोपल्यावर कसं जाईल?

शेवटी भूलतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी मला पलंगावर आडवं केलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "आत्ता किती दुखतंय?" मी म्हटलं, काहीच नाही. "आता बसा." आणि ते घड्याळ बघत शेजारी उभे राहिले. माझा चेहरा बदलायला लागला तसे म्हणाले, "पुरे, झोपा. कळलं." इतके दिवस मी जे शब्दांत सांगत होते ते त्यांनी नुसतं बघितलं.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून साधारण 150 मिली पाणी असतं, शरीर ते दिवसाला जवळजवळ 500 मिली नव्याने तयार करतं. सुईचं भोक बुजलं नाही तर पाणी बाहेर झिरपत राहतं. उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो, आवरणांना ताण बसतो, रक्तवाहिन्या फुगतात. कानाचे दडेही त्यातलेच. "टायर पंक्चर आहे, हवा भरून काय उपयोग?" ते म्हणाले. दुखण्याची तऱ्हा बदलली, म्हणजे झोपूनही दुखायला लागलं, ताप आला, दोन-दोन दिसायला लागलं, तर एक मिनिट थांबायचं नाही, असंही त्यांनी नवऱ्याला बजावलं. क्वचित कवटीच्या आत रक्त साचतं. ते नाही ना, हे आधी स्कॅन करून बघितलं.

उपाय ऐकून मी हबकले. माझंच रक्त काढून माझ्याच पाठीत घालायचं! ब्लड पॅच, म्हणजे रक्ताचं ठिगळ. ही युक्ती 1960 साली गॉर्मली नावाच्या अमेरिकन सर्जनने मांडली. पाणी काढताना ज्यांना रक्त आलं त्यांचं डोकं कमी दुखतं, असं त्याच्या लक्षात आलं होतं. आणि दुखणं त्याहून जुनं. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर या सर्जनने पाठीतल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसली नाही, पाणी गळालं, आणि साहेब नंतर बरेच दिवस अंथरुणात. झोपलं की बरं, उठलं की डोकं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं, उगाच.

पुन्हा कुशीवर, गुडघे पोटाशी. एका डॉक्टरांनी दंडातून रक्त काढलं, दुसऱ्यांनी ते लगेच, गोठायच्या आत, मणक्यातल्या आवरणाच्या बाहेर हळूहळू सोडलं. साधारण 20 मिली. कमरेत गच्च भरल्यासारखं वाटलं, मग नितंबापर्यंत दाब गेला. "बास," मी म्हटलं, आणि ते थांबले. त्यांनी आधीच सांगितलं होतं, तुम्ही म्हणाल तिथे थांबायचं. तास-दोन तास उताणं पडायचं होतं. मग नर्सने पाठीला हात देऊन बसवलं. मी ठणक्याची वाट बघत बसले. तो आला नाही. नवऱ्याने भीतभीत विचारलं, "चहा घेणार?" आणि मी तो बसून, कपाने प्यायले.

पुढचे काही दिवस कंबर अवघडलेली होती. वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, कुंथायचं नाही, म्हणून रात्री इसबगोल. एकदा पॅच करून सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, काहींना दुसऱ्यांदा करावा लागतो. माझं एकात भागलं. पाण्याचा रिपोर्टही चांगला आला आणि डोळ्याची नजर सलाइनमधल्या स्टिरॉइडनंतर हळूहळू सुधारली.

जाताना मी भूलतज्ज्ञांना विचारलं, पुन्हा कधी पाणी काढायची वेळ आली तर? सुईची टोकं दोन प्रकारची असतात, त्यांनी सांगितलं. एक धारदार, कापत जाणारी. दुसरी पेन्सिलच्या टोकासारखी, तंतू बाजूला सारत जाणारी. दुसरीने ही डोकेदुखी बरीच कमी होते, शिवाय बाईमाणूस, वय कमी, अंगाने बारीक असेल तर धोका जास्त, म्हणून तिथे ती वापरलेली बरी. त्यांनी माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून दिलं: पुढच्या वेळी पेन्सिल पॉइंट सुई.