रेल्वे फाटकावरचा सराव

ताण घालवण्यासाठी ध्यान करावे, असा सल्ला आमच्या बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरणारा कोणीही देतो. मात्र नेमके करायचे काय, हे क्वचितच सांगितले जाते. ‘मन रिकामे करा’ ही सूचना मला निरुपयोगी वाटते, कारण मन तसे रिकामे होत नाही. सजगतेच्या (माइंडफुलनेस या ध्यानपद्धतीच्या) सरावात नाकपुड्यांशी जाणवणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे असते, ते भरकटले की तशी नोंद घ्यायची असते आणि स्वतःवर न रागावता पुन्हा श्वासाकडे यायचे असते. हे परत येणे हाच खरा व्यायाम आहे.

बौद्ध परंपरेत याला आनापान म्हणतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ध्यानावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला, जो पुढे आठ आठवड्यांच्या स्वरूपात रूढ झाला. तो आरंभी जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी होता, हे विशेष.

माझे काम हिशेबाचे आहे. कन्नडमधील नोटिसा, मराठीत बोलणारे ग्राहक आणि इंग्रजीतील संगणक यांत लक्ष सतत विभागले जाते, आणि महिनाअखेरीस खांदे आखडतात. त्यामुळे दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडले की मोबाइल न काढता मी हँडलवरील बोटांची पकड आणि श्वास न्याहाळतो (मागचे हॉर्न वाजवणारे अर्थातच थांबत नाहीत). याने काम कमी होत नाही. पण एक नोंद पुरी करून दुसरीकडे वळणे जमू लागले आहे. काहींना मात्र डोळे मिटून बसल्यावर अस्वस्थता वाढल्याचे जाणवते. त्यांनी हट्ट न धरता सराव थांबवून डॉक्टरांशी बोलावे.